वाकलेल्या पाठीचा इतिहास

१९७४ साल. कॉलेजला सुट्टी लागली म्हणून गावी गेलो होतो. बापासंगं तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर उभा होतो. समोरून गावचा जुना पाटील आला. पाटीलकी कधीच गेलेली, धोतर विटलेलं, डोळ्यांना धड दिसत नव्हतं. त्यानं आमच्याकडं पाह्यलंसुद्धा नाही. पण माझ्या बापानं पायातल्या वहाणा काढल्या, बाजूला सरला आणि कमरेत वाकला. पाटील निघून गेला तरी पाठ सरळ झाली नव्हती.

मी तापलो. चारचौघांत बापाला बोललो. "छप्पन्न साली दीक्षा घेतली ती कशाला? घरात बाबासाहेबांचा फोटो कशाला लावलाय?" बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्या कुठं वाकलो? पाठ वाकली. मला इचारलं न्हाई तिनं."

तेव्हा ते उत्तर मला पळपुटं वाटलं. आज वाटतं, आमच्या शरीराचा इतिहास बापानं एका दमात सांगितला होता.

भीती मनात असते असं आपण म्हणतो. ती अंगात जास्त असते. माणूस भ्याला की मान खांद्यांत जाते, श्वास आखूड होतो, हात अंगाला चिकटतात, पाऊल लहान पडतं. घटकाभराची भीती असली तर अंग पुन्हा मोकळं होतं. पण भीती रोजची असली, आज्याला, बापाला, लेकराला तीच असली, तर लेकरू बोलायच्या आधी वाकायला शिकतं. आणि मग गाव म्हणतं, "ह्या लोकांची चालच तशी!"

चाल तशी नव्हती. ती शिकवली गेली. पेशवाईत पुण्यात आमच्या माणसाच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं असायचं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त लिहिलं. कमरेला झाडू बांधून छाती काढून चालून बघा एकदा. जमत नाही. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर महार-मांगांनी पुण्याच्या वेशीच्या आत यायचं नाही, कारण तेव्हा सावली लांब पडते, असाही दंडक होता. घुर्ये यांनी जातीवरच्या १९३२ सालच्या पुस्तकात तो नोंदवला आहे. म्हणजे आमची नुसती पाठ नाही, आमची सावलीसुद्धा मोजून घेतलेली.

खेड्यात शिपाई लागत नव्हता. तिथं जोहार होता. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमचं' १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. ते पुन्हा वाचा. वरच्या जातीचा पुरुष समोरून आला की आमच्या बाया वाट सोडून झुडपात उतरायच्या, अंग चोरून उभ्या राह्यच्या. लुगड्याचा काठ दिसू नये म्हणून तो निऱ्यांत दडवायचा. एखादी नवी नवरी जोहार घालायला विसरली तर तिच्या घरादाराला चावडीवर बोल खावे लागायचे. वाकणं हे भीतीचं नुसतं लक्षण नव्हतं. भीती ताजी ठेवायची ती रीत होती. दिवसातून दहादा वाकायला लावलं, की दहादा आठवण राहते, तू कोण आहेस.

मग ही पाठ सरळ कुठं झाली? पहिल्यांदा पलटणीत. इंग्रजांनी आमच्या प्रेमाखातर काही केलं नाही, त्यांना शिपाई पाहिजे होते. पण कवायतीला वाकून चालत नाही. मान वर, नजर समोर, पावलाला पाऊल. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी त्याच पलटणीतले. १८९०च्या दशकात सरकारनं महारांची भरती बंद केली तेव्हा नुसती भाकरी गेली नाही, ताठ चालायची शाळा गेली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली. गावोगाव परतलेले हे शिपाई कोकणात होते, म्हणून महाडचा इतिहास त्यांना सोडून लिहिता येत नाही.

१९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. कागद होता, पण तीन वर्षं पाऊल पडलं नव्हतं. काठावर जायचं म्हटलं की गुडघ्यात कापरं भरत असणार. २० मार्च १९२७ ला परिषदेतली हजारो माणसं रांगेनं निघाली आणि बाबासाहेबांमागं तळ्यात उतरून पाणी प्याली. एकटा असता तर कोणी गेला नसता. शेजारच्याचं पाऊल पडतं म्हणून आपलं पडतं. माझं म्हणणं एवढंच, की धीर आधी मनात आला आणि मग पाय चालले असं नाही. पाय चालले आणि चालता चालता धीर आला. त्या दिवशी पुढं हल्ला झाला, आपली माणसं रक्तबंबाळ झाली. बाबासाहेबांच्या शब्दावर लोकांनी हात आवरले. भीतीनं आवरलेला हात आणि शिस्तीनं आवरलेला हात यांतला फरक तिथं दिसला. हायकोर्टानं तळ्याचा निकाल आपल्या बाजूनं १९३७ साली दिला. पाऊल दहा वर्षं आधी पडलं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृती जाळल्यावर बाबासाहेब महाडातच बायांशी बोलले. अंग झाकेल असं लुगडं नेसा, जात सांगणारे ते चांदी-कथलाचे दागिने टाका. बायांनी तिथंच नेसण बदललं. काहींना ही नक्कल वाटते. मला नाही वाटत. काठ दडवून चालणारी बाई आणि काठ घोळवत चालणारी बाई एकाच रस्त्यानं एकसारखी चालत नाही.

२ मार्च १९३० ला नाशकात काळारामाच्या दारावर मोर्चा गेला. मैलभर लांब, चार-चारांच्या रांगा, पुढं लष्करी सूर वाजवणारा बँड, शेकडो बाया. दार उघडलं नाही. पण ज्या जोहाराच्या पाठी होत्या त्या सरळ चालताना नाशिकनं पाह्यल्या.

गड्यांनो, हे संपलेलं नाही. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड पडल्याच्या बातम्या राजस्थान-गुजरातेतून आजही येतात. त्यांना आमचं ताठ बसणं अजून सोसत नाही. २०१३ चा कायदा असून गटारात माणूस उतरवला जातो, मरतो. आणि मी? भाषणं ठोकणारा मी, नोकरीभर साहेबासमोर खुर्चीच्या कडेवर बसलो. पूर्ण टेकून बसता आलं नाही. तेव्हा बाप आठवायचा. मलाही पाठीनं विचारलं नव्हतं.

म्हणून वस्तीतला एखादा म्हातारा वाकला तर हसू नका, माझ्यासारखं चारचौघांत तोडू नका. शेजारी बसा. पहिल्यांदा कोणासमोर वाकलास, का वाकलास, न वाकल्यावर काय झालं, हे विचारा आणि लिहून घ्या. मी बापाला विचारलं नाही. तो गेला. त्याच्या पाठीचा इतिहास कुठल्याच कागदावर नाही.

जयभीम.