पवनी : वैनगंगेच्या काठचा कोट

जलदुर्ग म्हटला की मराठी मनापुढे कोकणचा समुद्र उभा राहतो. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांतही सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी यांचा समावेश आहे. विदर्भातील एकही किल्ला त्या यादीत नाही. मात्र पाण्याच्या आधाराने उभा राहिलेला दुर्ग पाहण्यासाठी वैदर्भीय पर्यटकाला कोकणच गाठावे लागते असे नाही. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या उजव्या तीरावर वसलेले पवनी हे असेच एक तटबंदीचे नगर आहे. समुद्राला जसे बंदर, तसा नदीला घाट. आणि पवनीत कोट व घाट या दोहोंची सांगड आजही पाहावयास मिळते.

नदीच्या भरवशावर

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त दुर्गांचे औदक, पार्वत, धान्वन आणि वनदुर्ग असे चार प्रकार सांगितले आहेत. पाण्याने रक्षिलेला तो औदक. पवनीची रचना या कल्पनेशी जवळचे नाते सांगते. नगराच्या तीन बाजूंना तट व खंदक आणि चौथ्या बाजूस वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र, अशी ही योजना आहे. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावणारी ही नदी पुढे वर्धा नदीस मिळते. त्या संगमानंतर तिला प्राणहिता म्हणतात व प्राणहिता गोदावरीस मिळते. म्हणजे पवनीच्या घाटाखालून वाहणारे पाणी अखेर पूर्व समुद्राला जाते. पुलांच्या आधीच्या काळात अशा नदीचा उतार ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती दोन्ही तीरांची वाट असे. पवनीचे महत्त्व समजून घेताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

आत नांदते गाव

पवनीस जाणाऱ्याने येथे ओस पडलेला किल्ला पाहावयास मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तटाच्या आत बाजारपेठ आहे, घरे व देवळे आहेत, रोजचा व्यवहार आहे. ‘जवाहर गेट’ या नावाने ओळखले जाणारे जुने प्रवेशद्वार ही किल्ल्याची सर्वांत ठळक खूण. मध्ययुगीन दगडी बांधकामाचा बाज कळण्यासाठी दरवाजाजवळ थोडा वेळ थांबणे इष्ट. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हा भाग होता. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसल्यांची सत्ता मोडली आणि १८१८ साली इंग्रजांनी पवनीचा कोट लढून घेतला. त्यानंतर लष्करी ठाणे म्हणून त्याचे महत्त्व संपले, गाव मात्र तटाच्या कुशीत वाढत राहिले.

दगड दिसतो, माती दिसत नाही

दरवाजा पाहून परत फिरणारा प्रवासी एका मोठ्या गोष्टीस मुकतो. गावाभोवती गवत व झुडपे वाढलेला जो उंच बांध दिसतो, तो केवळ मातीचा ढिगारा नव्हे; तोच पवनीचा मूळ तट होय. मातीचा हा कोट प्राचीन मानला जातो. त्यावरील दगडी काम पुष्कळ नंतरचे. विदर्भातील प्राचीन नगरांना दगडापेक्षा मातीचा तट घालण्याची पद्धत होती. खंदक खणताना निघालेली माती आतल्या बाजूस चढवीत नेली की खंदक आणि तट दोन्ही एकाच कष्टात तयार होत. म्हणूनच खंदकाचा खोलगट पट्टा व बांधाची उंची एकत्र पाहिली, तरच या रचनेची खरी कल्पना येते. खंदक बुजला आणि बांध खचला, तर उरलेला दरवाजा कोणत्या नगराचा, हेच कळेनासे होईल.

घाटांची रांग

तटाकडून नदीकडे वळले की पवनीचे रूप पालटते. ‘विदर्भाची काशी’ हे बिरुद या नगरास लाभले ते देवळांमुळे आणि घाटांमुळे. पात्रात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, काठावरील वैजेश्वराचे मंदिर, स्नानास येणारे भाविक, धीवरांचे डोंगे असे दृश्य सकाळी व मावळतीच्या वेळी विशेष रमणीय भासते. विदर्भातील अष्टविनायकांपैकी पंचमुखी गणेशाचे स्थानही पवनीतच आहे. घाट हे पुराच्या माऱ्याला तोंड देणारे बांधकाम असल्याने नदीकाठाची धूप रोखण्याचेही काम करतात. भाविकांची सोय आणि काठाचे रक्षण त्यांतून एकाच वेळी साधते.

तटाबाहेरच्या टेकड्या

कोटाच्या बाहेरील परिसर त्याहून जुन्या काळात नेतो. जगन्नाथ टेकडी, चंडकापूर येथील सुलेमान टेकडी आणि हरदोलाला टेकडी या ठिकाणी बौद्ध स्तूपांचे अवशेष आढळले आहेत. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे चाळीस मीटर व्यासाचा स्तूप, भोवतीच्या दगडी वेदिकेचे खांब आणि त्यांवरील ब्राह्मी लिपीतील प्राकृत दानलेख हे त्या शोधाचे मोठे फळ होय. मुचलिंद नागाचे नावानिशी कोरलेले शिल्प विशेष उल्लेखनीय. सांची-भरहूतच्या परंपरेशी नाते सांगणारी ही कला वैनगंगेच्या काठी बहरली होती, हे त्यामुळे सिद्ध झाले. भार वंशातील राजा भगदत्त याचा शिलालेख आणि महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ हेही पवनीचेच. बौद्ध उपासक, क्षत्रप, गोंड, भोसले आणि इंग्रज अशा साऱ्यांच्या वाटा या परिसरातून गेल्या आहेत.

डागडुजी कशी असावी

जुन्या किल्ल्यांची दुरुस्ती हा आज महाराष्ट्रभर आस्थेचा विषय आहे. परंतु दुरुस्ती म्हणजे नवेपणा नव्हे. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना ओलावा आत घेतो आणि बाहेरही सोडतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते आणि दगडाची झीज वाढते. म्हणून चुन्याचे काम चुन्यानेच सावरावे लागते. मातीच्या तटाचे पथ्य याहून वेगळे आहे. खोल मुळे धरणारी झाडे वेळीच काढणे, गवताचे आच्छादन मात्र राखणे, पावसाचे पाणी एका जागी साचू न देणे आणि पायथ्याची माती उचलली जाऊ न देणे, एवढे सांभाळले तरी तट शतकानुशतके टिकतो. ही कामे खर्चाची कमी आणि सातत्याची अधिक आहेत. त्यांत छायाचित्रात उठून दिसेल असे काही नसते, हीच त्यांची अडचण. पवनीत दरवाजा राखला आणि बांध गमावला, तर नगराच्या इतिहासाची पहिली काही पानेच फाटतील. शिवाय येथे लोक राहतात. त्यांच्या घरांचा, रस्त्यांचा आणि सांडपाण्याचा विचार न करता केलेले कोणतेही जतन टिकणार नाही.

पाण्याचे भान

पवनीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्द हे मोठे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणास ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की घाटावरील पाण्याची पातळी झपाट्याने वाढू शकते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांना वेढले होते. म्हणून पावसाळ्यात प्रशासनाच्या सूचना पाहिल्याशिवाय घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरू नये.

कसे जाल, काय पाहाल

नागपूरहून उमरेड-भिवापूर मार्गे पवनी सुमारे ८० किलोमीटर आहे. भंडाऱ्याहून अड्याळ मार्गे सुमारे ५० किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांस नागपूर किंवा वरठी येथील भंडारा रोड ही स्थानके सोयीची. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात येथील ऊन सोसवत नाही. एका दिवसात सकाळी घाट व मंदिरे, नंतर दरवाजा आणि तटाची फेरी, दुपारनंतर जगन्नाथ टेकडी असा क्रम ठेवता येतो. विणकरीच्या परंपरेत रस असणाऱ्यांनी करवतकाठी रेशमी वस्त्रांची चौकशी अवश्य करावी. एक दिवस हाती अधिक असल्यास उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य किंवा तुमसर तालुक्यातील अंबागड हा डोंगरी किल्ला पाहता येतो. तटावरून चालताना मात्र पायाखालची माती ढासळणार नाही, याची काळजी प्रत्येकाने घ्यावी. पवनीचा सर्वांत जुना ठेवा तीच माती आहे.