सुप्तप्रतिमा
सुप्तप्रतिमा : पृष्ठभागावर प्रत्यक्ष असूनही नेहमीच्या रीतीने पाहिल्यास न दिसणारी आणि पाहण्याची दिशा, प्रकाश किंवा साधन बदलताच प्रकट होणारी प्रतिमा. छायाचित्रणातील विकसनापूर्वीच्या अदृश्य प्रतिमेसही हीच संज्ञा लावतात. ती येथे अभिप्रेत नाही.

कागदातील जलचिन्ह हे या प्रतिमेचे जुने भावंड होय. इटलीतील फाब्रिआनो येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस ते प्रचारात आले. साच्याच्या जाळीवर तारेची आकृती बसविली, की तेथे लगद्याचा थर पातळ होतो व कागद उजेडाकडे धरताच ती आकृती उमटून दिसते. भारतात नासिक येथे १९२८ मध्ये चलनी नोटांचा छापखाना सुरू झाला आणि १९३२ पर्यंत सर्व मूल्यांच्या नोटा तेथे छापल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानने भारतीय नोटांच्या इतक्या हुबेहूब नकला केल्या, की जलचिन्हच बदलावे लागले. सहाव्या जॉर्जच्या पार्श्वमुखाऐवजी संमुख मुद्रा आली व त्याच वेळी भारतीय नोटेत सुरक्षा धागा प्रथम घालण्यात आला.

पुढे प्रती काढणाऱ्या यंत्रांत सुधारणा होत गेल्या आणि जुने उपाय अपुरे ठरले. रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये महात्मा गांधी मालिका आणली, तिच्या नव्या वैशिष्ट्यांत सुप्तप्रतिमा होती. गांधीजींच्या चित्राच्या उजवीकडील उभ्या पट्टीत नोटेचे मूल्य अंकांत दडविलेले असते. नोट डोळ्यांच्या पातळीत आडवी धरली, तरच ते दिसते. खोदीव ठशाच्या मुद्रणात शाईच्या रेषा कागदावर किंचित उंच राहतात. अंकाच्या रेषा एका दिशेने व पार्श्वभूमीच्या रेषा तिच्याशी काटकोनात असतात. समोरून पाहता दोन्ही सारख्याच गडद भासतात. तिरप्या नजरेला मात्र आडव्या रेषा आपल्यामधील कागद झाकून टाकतात, उभ्या रेषांमधील कागद उघडा राहतो, आणि या फरकातून अंक वाचता येतो. प्रत काढणाऱ्या यंत्राला रेषा मिळतात, त्यांची उंची मिळत नाही. अशाच उंच छपाईची खूण दृष्टिहीनांना नोट स्पर्शाने ओळखण्यास उपयोगी पडते. नोट फार हाताळली गेल्यास हा उठाव झिजतो, हा या योजनेचा दोष म्हणावा लागेल. तरीही कोणतेही उपकरण न लागणारी ही परीक्षा बाजारातील सामान्य माणसाच्या दृष्टीने मोलाची आहे. २०१६ च्या नव्या मालिकेतही ती कायम ठेवण्यात आली.

संगणकाच्या पडद्यावर हाच खेळ वेगळ्या आधारावर उभा राहिला. तेथे उंची नसते. चित्र म्हणजे रंगीत बिंदूंची चौकट. इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्त्यांत चित्र निवडले असता बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक बिंदू निळे होत. याचा लाभ घेऊन हौशी मंडळींनी दोन चित्रे एकमेकांत विणली : एका संचातील बिंदूंत ठळक चित्र, तर दुसऱ्यात अतिशय फिकट. निवड करताच ठळक चित्र झाकले जाई व फिकट उघडे पडे. पारदर्शक बिंदूंचे दुसरे एक तंत्र आहे. त्यात पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक व काळ्यावर दुसरेच चित्र दिसते.

नोटेतील अंक प्रकाश व नजर यांच्या नियमांवर विसंबतो, तर ही चित्रे दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञावलीवर. नंतरच्या ब्राउझरांनी निवडलेल्या चित्रावर सलग पारदर्शक रंग पसरविण्याची रीत स्वीकारली; खुद्द इंटरनेट एक्स्प्लोररला २०२२ मध्ये निवृत्त करण्यात आले. त्या चित्रांतील बिंदू जसेच्या तसे आहेत, पण निवड केल्यावर आता केवळ निळी झाक दिसते.