हरवली होती, पिंजऱ्यात वाढली

घरातली पाल शेपटी टाकून पळाली, की ती वळवळणारी शेपटी बघायला मुलं गोळा होतात. पालीला पुढे नवी शेपटी येते, हेही त्यांना माहीत असतं. पण पालींच्या कुळात एक जात अशी आहे, की तिची शेपटी एकदा गेली की गेली. ही जात स्वतःच एकदा 'गेली' असं शास्त्रज्ञांनी मानलं होतं!

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात न्यू कॅलेडोनिया हा फ्रान्सच्या अखत्यारीतला बेटांचा समूह आहे. तिथल्या जंगलातल्या या पालीचं वर्णन १८६६ मध्ये आल्फोन्स गिशनो या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने केलं. डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखी काट्यांची रांग, म्हणून नाव ठेवलं 'कोरेलोफस सिलिएटस'. गंमत म्हणजे तिला उघडमीट करणाऱ्या पापण्याच नाहीत. डोळे ती जिभेने चाटून साफ करते.

पुढे ही पाल कुणाला सापडेना. ती नामशेष झाली असंच समजलं जाऊ लागलं. आणि १९९४ मध्ये रॉबर्ट झाइप यांच्या मोहिमेत ती पुन्हा सापडली. काही पाली बाहेर नेल्या गेल्या, आणि आज युरोप-अमेरिकेत 'क्रेस्टेड गेको' हा घरोघरी पाळला जाणारा प्राणी झाला आहे.

हे इतकं सोपं का झालं? तिला २२ ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवतं, म्हणजे साधी खोली पुरते. उलट फार उकाडा तिला सोसत नाही. पिकलेली फळं आणि किडे हे तिचं खाणं. त्यात कॅल्शियम कमी पडलं तर हाडं वाकतात. रात्री पाणी फवारलं की पानांवरचे थेंब ती चाटते. मादी एका वेळी दोन अंडी घालते, तीही वर्षातून अनेकदा.

मग ही जात वाचली, असं म्हणायचं का? न्यू कॅलेडोनियातून जंगली पाली बाहेर नेण्यावर बंदी आहे. पिंजऱ्यातल्या पाली या पिंजऱ्यातच जन्मलेल्या, रंग बघून निवडत आणलेल्या पिढ्या आहेत. तिकडे जंगल तुटतं आहे. उंदीर आहेत, आणि अमेरिका खंडातून आलेल्या इवल्याशा डंखी मुंग्याही आहेत. काचेच्या पेटीतली संख्या कितीही वाढली, तरी त्या जंगलात एकही पाल वाढत नाही.

पाळल्यामुळे या पालीचं खाणं, वीण, दुखणी आपल्याला जवळून कळली, हे खरंच. पण प्राणी वाचवणं म्हणजे त्याचं घरही वाचवणं. वर्गात हा प्रश्न जरूर मांडा. आणि निरीक्षणासाठी पाल हवी असेल, तर ती पकडायची गरज नाही. संध्याकाळी ट्यूबलाइटजवळ ती स्वतःच हजर असते!