कर्नल कोसळल्यानंतर

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या रासायनिक कारखान्याचा नियंत्रक संगणक बंद पडला, म्हणून पात्रातली अभिक्रिया लगेच थांबत नाही. संगणकाच्या पोटातही असेच घडते. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळला तरी डिस्क, नेटवर्क कार्ड आधीच्या आज्ञेनुसार स्मृतीत थेट लिहीतच राहतात. त्यांना थांबवायला कोसळलेल्या कर्नलवर भरवसा कसा ठेवणार?

२००५ साली लिनक्सच्या २.६.१३ आवृत्तीत आलेल्या केडम्पने तोड काढली. स्मृतीचा एक कोपरा सुरुवातीलाच राखायचा. तो उपकरणांना द्यायचाच नाही. तिथे दुसरा कर्नल जागा होऊन जुन्या स्मृतीचा पंचनामा करतो. पुढे उपकरणांचे पत्ते तपासणारी यंत्रणा आली. तिचे तक्ते पुसले की चालू लेखन अडखळे. म्हणून २०१५ मध्ये, ४.२ आवृत्तीत, इंटेलच्या यंत्रणेचे जुने तक्ते उतरवून घेण्याची सोय झाली. धावत्याला आधी वाट द्यावी, मग थांबवावे.