इंग्रजी शब्दांचे अर्थ महाराष्ट्राने कसे लावले

परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा असोत की आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षा, कठीण इंग्रजी शब्दांची यादी उमेदवाराच्या हाती पडतेच. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि रोज अमुक इतके पाठ करायचे, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की भाषा शिकण्याचा तोच स्वाभाविक मार्ग वाटावा. पण महाराष्ट्रात प्रगत इंग्रजी शब्दांशी ओळख झाली ती या वाटेने नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतले अवघड, अमूर्त शब्द ज्यांनी खऱ्या अर्थाने आत्मसात केले, त्यांनी ते मराठीत आणण्याच्या कामातून आत्मसात केले. शब्दाचा अर्थ त्यांच्यापुढे उत्तर म्हणून आलाच नाही, प्रश्न म्हणून आला. ही गोष्ट आपण विसरलो, आणि शब्दसंग्रह वाढूनही भाषा न येण्याचे दुखणे आपल्याकडे जुने झाले.

आरंभी कोशांचा प्रवाह उलट दिशेने वाहत होता, हे आधी लक्षात घ्यायला हवे. विल्यम कॅरी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये सेरामपूरला छापला गेला, तो मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी. मोल्सवर्थ यांचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोशही मुख्यतः कंपनीच्या अधिकाऱ्यांना आणि मिशनऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून रचलेला होता. त्यामागे शास्त्री-पंडितांची मोठी मेहनत होती. त्यांनीच सिद्ध केलेला मराठी-मराठी कोश १८२९ मध्ये बाहेर पडला होता. मोल्सवर्थच्या कोशात पहिल्या आवृत्तीत सुमारे चाळीस हजार आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द होते. या कामात शास्त्र्यांना रोज एकच गोष्ट करावी लागे: मराठी शब्द कुठे, कोणाच्या तोंडी, कोणत्या छटेने येतो ते उलगडून सांगायचे. इंग्रजी-मराठी कोश आला तो पुढे, १८४७ मध्ये. मोल्सवर्थनी हाती घेतलेले हे काम ते प्रकृतीमुळे मायदेशी परतल्यावर मेजर टॉमस कँडी यांनी तडीस नेले. म्हणजे इंग्रजी शब्दाला मराठी अर्थ देण्याची वेळ आली, तेव्हा मराठी शब्दांची छाननी दीड-दोन दशके होऊन गेली होती. इंग्रजीचा अर्थ लावण्याचे पहिले समर्थ साधन मराठीच्या अभ्यासातून उभे राहिले, हा काही योगायोग नव्हे.

कोश हाती येण्याआधीही अर्थ लावण्याचे काम चालू होतेच. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले 'दर्पण' एकाच पानावर दोन स्तंभांत छापले जाई, एक इंग्रजी आणि एक मराठी. हे पत्र चालवायचे म्हणजे राज्यव्यवहार, विज्ञान, सुधारणा यांविषयीचा प्रत्येक इंग्रजी विचार शेजारच्या स्तंभात मराठी वाचकाला कळेल असा मांडायचा. अर्थ अर्धवट समजला असेल तर तो तिथेच उघडा पडणार. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी डॉक्टर जॉन्सनच्या 'रासेलस'चे भाषांतर सुरू केले आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते पूर्ण केले. ते १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. जॉन्सन हा स्वतः १७५५ चा थोर इंग्रजी कोशकार, आणि त्याचे गद्य लॅटिन वळणाच्या भारदस्त शब्दांनी भरलेले. असे पुस्तक मराठीत आणताना एका शब्दाला एक प्रतिशब्द चिकटवून भागत नाही. वाक्याचा तोल, विधानाची मर्यादा, लेखकाचा कल हे सगळे पाहूनच शब्द निवडावा लागतो. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनवर विस्ताराने लिहिले. त्यांच्या मराठी गद्याला आलेली बांधेसूद प्रौढी आणि इंग्रजी गद्याची त्यांची जाण एकाच कसरतीतून तयार झाली, असे मला ठामपणे वाटते.

याहून कडक कसोटी कायद्याच्या भाषांतराची होती. १८६० चा भारतीय दंडविधान कायदा १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला आणि त्याच्या मराठी भाषांतराच्या कामात कँडी होते. या कायद्याची मांडणी शब्दार्थ शिकण्याच्या दृष्टीने फार बोलकी आहे. साधी चोरी, धाक घालून उकळणे, जबरी चोरी आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून घातलेला दरोडा, यांच्या व्याख्या तो वेगवेगळ्या देतो, आणि व्याख्येखाली अमक्याने तमक्याची वस्तू अशा परिस्थितीत नेली तर हा गुन्हा होतो, तशा परिस्थितीत होत नाही, अशी उदाहरणेही देतो. सामान्य कोशात हे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत बसतील. कायद्यात मात्र एकाच्या जागी दुसरा वापरला तर माणसाची शिक्षा बदलते. इथे अर्थ म्हणजे सीमारेषा: शब्द कुठे लागू पडतो आणि कुठे पडत नाही. प्रगत शब्दांचे ज्ञान म्हणतात ते हेच, आणि दोन स्तंभांच्या यादीत नेमके तेच गळून जाते.

मग यादीचे राज्य कसे आले? १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मॅट्रिकची परीक्षा सरकारी नोकरीचा व उच्च शिक्षणाचा दरवाजा बनली. ठरावीक पाठ्यपुस्तक, त्यातले ठरावीक शब्द आणि प्रश्नपत्रिकेतला अर्थ लिहिण्याचा प्रश्न अशी घडी बसली. तिच्यामागोमाग टिपणे आणि मार्गदर्शिका आल्या. परीक्षकाला हजारो उत्तरे तपासायची असतात आणि एका शब्दाला एक अर्थ हे तपासायला सर्वांत सोपे, म्हणून ही पद्धत रुजली. शिकणाऱ्याला तिचा फायदा किती, हा विचार मागे पडला. तरीही जुना मार्ग पुरता बुजला नाही. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुले ज्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून इंग्रजी शिकली, तिच्या नावातच भाषांतर होते, आणि तिथे शब्द वाक्यातून वाक्यात नेऊन वापरावा लागे.

यावर पहिला आक्षेप असा की पाठांतर ही तर आपलीच परंपरा आहे. अमरकोश मुखोद्गत करणाऱ्या शास्त्र्यांना घोकंपट्टीचे वावडे कुठे होते? आक्षेप खरा आहे, पण तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. अमरकोश वर्णानुक्रमाने रचलेला नाही. त्याची तीन कांडे असून त्यांत स्वर्ग, भूमी, वनौषधी असे वर्ग पाडले आहेत, आणि एका वस्तूची अनेक नावे छंदोबद्ध ओळीत एकत्र येतात. तो पाठ करणारा शब्द त्यांच्या नात्यागोत्यासह पाठ करतो. शिवाय त्याच्या जोडीला काव्याचे वाचन असेच. पीटर रॉजेने १८५२ मध्ये इंग्रजी शब्दांची मांडणी कल्पनांच्या वर्गवारीने केली, आणि भारतात आजही खपणारे नॉर्मन लुइस यांचे १९४९ चे पुस्तक शब्द धातूंच्या आणि विषयांच्या कुळांनी शिकवते. पाठांतर दोषी नाही. नात्यांतून तोडलेल्या शब्दांचे पाठांतर दोषी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाषांतराची ही सगळी कहाणी मूठभर उच्चवर्णीय पुरुषांची. बहुजनांना यादी तरी मिळाली हेच खूप, असे कोणी म्हणेल. शिक्षणाची दारे बहुतेकांना बंद होती हे निर्विवाद आहे आणि त्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण याच काळात जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि त्यांनी टॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे लेखन वाचले. १८७३ च्या 'गुलामगिरी'ला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे इंग्रजीतून निवेदन देऊन प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. राज्यकर्त्यांशी इंग्रजीत आणि आपल्या लोकांशी मराठीत तोच विचार मांडणारा हा माणूस शब्दांचे अर्थ पाठ करून थांबला नव्हता. त्याने ते अर्थ न्यायाच्या मागणीसाठी वापरले. ज्यांना उशिरा संधी मिळाली त्यांच्या हाती नुसती यादी ठेवणे म्हणजे त्यांना पुन्हा अर्धेच देणे होय.

तिसरे म्हणणे अनेक इंग्रजी शिक्षकांचे असते: मध्ये मराठी आली की विद्यार्थी इंग्रजीतून विचार करत नाही. रोजच्या व्यवहाराचे शब्द वस्तू दाखवून, बोलून शिकवावेत हे योग्यच. पण न्याय, सदसद्विवेक, सार्वभौमत्व, संदिग्धता अशा कल्पनांकडे बोट दाखवता येत नाही. त्या कळल्या की नाही याची परीक्षा, शिकणारा त्या आपल्या भाषेत उलगडून सांगू शकतो का, यातच असते. १८४७ च्या सुमारास शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरत होते, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू लावून धरली. शंकरशेटांचा इंग्रजी शिक्षणाला विरोध नव्हता. सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल, असे त्यांचे मत होते. पुढे १९४८ मध्ये दाते आणि कर्वे यांनी सिद्ध केलेला 'शास्त्रीय परिभाषा कोश' हा याच विचाराचा वारस म्हणावा लागेल.

या इतिहासातून आजच्या वर्गासाठी निघणारा निष्कर्ष सरळ आहे. दिवसाला पन्नास शब्द पाठ करून घेण्यापेक्षा पाच शब्द घ्यावेत. त्यांची कुळे पाहावीत, ते कुठे लागू पडत नाहीत ते विचारावे, आणि ज्या परिच्छेदात ते आले तो विद्यार्थ्याला मराठीत आणि मग पुन्हा इंग्रजीत लिहायला लावावा. वेळ जास्त लागेल, तपासणी कठीण जाईल, गुण देताना शिक्षकाला विचार करावा लागेल. ही किंमत मोजण्याजोगी आहे, कारण जांभेकरांपासून फुल्यांपर्यंत ज्यांच्या इंग्रजीने महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन बदलले, त्या सर्वांची मराठीही तितकीच समर्थ होती.