कॅराव्हॅनमधील गॅस-फ्रीज व त्याचे वायुवीजन

कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत किंवा गाडीमागे जोडायच्या ट्रेलरमध्ये, विजेऐवजी एलपीजीच्या ज्योतीवर चालणारे शीतकपाट आणि त्याची उष्णता व ज्वलनवायू बाहेर नेणारी व्यवस्था. फ्रीजमागच्या पोकळीतील हवा आणि माणसे झोपतात त्या भागातील हवा एकमेकींत मिसळता कामा नये, हे या व्यवस्थेचे मूळ सूत्र आहे. जुन्या ट्रेलरमध्ये हेच सूत्र प्रथम मोडते. मावळ तालुक्यात आणि लोणावळा परिसरात ते मोडण्याचे मुख्य निमित्त पावसाचे असते.

इतिहास : बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधील दोन अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हा फ्रीज शोधला. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्स कंपनीने त्याचे हक्क घेतले, तर अमेरिकेत सर्व्हेल कंपनीने तो घरोघरी पोहोचवला. वीज नसलेली शेतघरे आणि पुढे ट्रेलर ही त्याची हक्काची ठिकाणे ठरली. भारतात हल्ली तयार होणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये बहुधा बॅटरीवरचा कॉम्प्रेसर फ्रीज असतो. त्यामुळे गॅस-फ्रीजचा प्रश्न येतो तो मुख्यतः परदेशी बनावटीच्या किंवा जुन्या, डागडुजी करून वापरात आणलेल्या ट्रेलरबाबत.

कार्य : फ्रीजमागे बंद नळ्यांच्या जाळ्यात अमोनिया, पाणी व हायड्रोजन भरलेले असतात. खालची लहानशी ज्योत अमोनियाचे द्रावण तापवते. त्यातून सुटलेली अमोनियाची वाफ वर संघनकात थंड होऊन द्रवरूप होते, बाष्पित्रात हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा बाष्प होते आणि कप्प्यातील उष्णता शोषून घेते. शेवटी पाणी हे बाष्प पुन्हा आपल्यात घेते. यात पंप नाही, कॉम्प्रेसर नाही, आवाजही नाही. सगळे अभिसरण उष्णता व गुरुत्वाकर्षण यांच्यावर चालते, म्हणून मुक्कामाच्या जागी ट्रेलर समपातळीत उभा करावा लागतो. कलत्या जागेवर फ्रीज तासन्‌तास चालवला, तर द्रावण अडून नळी जास्त तापते व कायमची निकामी होऊ शकते.

संघनकाच्या पात्यांवरून वाहणारी हवा हाच या यंत्राचा पंखा. वायुवीजनाची कामे त्यामुळे दोन होतात : उष्णता काढणे आणि ज्वलनवायू बाहेर सोडणे. मे महिन्यात फ्रीज नीट थंड होत नसेल, तर गॅस वाढवण्याआधी मागची हवा वाहते आहे का ते पाहावे.

धोके : एक किलो प्रोपेन पूर्ण जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. त्यातून सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड व १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही पहिली लक्षणे. घाट चढून आलेल्या प्रवाशाला ‘गाडी लागली असेल’ असे म्हणून झोपवले जाते, आणि धोका तिथेच वाढतो. एकाच गाडीतील अनेकांना ही लक्षणे एका वेळी जाणवली आणि मोकळ्या हवेत गेल्यावर ती कमी झाली, तर संशय फ्रीजवर, शेगडीवर किंवा गीझरवर घ्यावा.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९३३ ते १९५७ या काळात बनलेले सर्व्हेल गॅस-फ्रीज वापरू नयेत, असा इशारा दिला. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड पसरून मृत्यू झाले होते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे हॉटेलच्या बंद खोलीत गॅस-हीटर लावून झोपलेल्या केरळच्या आठ पर्यटकांचा मृत्यू झाला. उपकरण वेगळे होते, बंद जागेतील ज्वलन मात्र तेच.

दुसरा धोका गळतीचा. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले तरी ठिणगीने पेट घेतो.

योग्य रचना : फ्रीजमागे स्वतंत्र पोकळी असावी. तिला बाहेरच्या भिंतीत खाली एक जाळी आणि वर दुसरी जाळी किंवा छतावर झाकणाचे धुराडे असावे. खालच्या जाळीने थंड हवा आत येते, तापलेली हवा वरून निघून जाते. खालची जाळी पोकळीच्या तळाशी समपातळीत असली, म्हणजे गळलेला गॅस आपोआप बाहेर वाहून जातो. वरची वाट संघनकाच्या माथ्यावर असावी, आणि पात्यांमागे रुंद मोकळी जागा उरत असेल, तर पत्र्याचा पडदा लावून हवा पात्यांवरूनच जाईल असे करावे. पोकळी व राहण्याचा भाग यांमधील प्रत्येक फट, नळी व तारांची भोकेही, उष्णता सोसणाऱ्या पट्टीने बंद करावी. लाकडी पट्ट्या सुकलेल्या, कोपरे निखळलेले अशा जुन्या ट्रेलरमध्ये हीच जागा आधी तपासावी. फ्रीजला राहण्याच्या भागातून हवा मिळावी म्हणून आतल्या बाजूला भोक पाडणे पूर्ण चूक आहे. ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारी थर्मोकपलची झडप जुन्या फ्रीजमध्ये नसेल, तर तो फ्रीज गॅसवर चालवू नये.

भारतीय गॅस : प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास. आपल्याकडील एलपीजी हे या दोहोंचे मिश्रण असते. एक घनमीटर प्रोपेनला सुमारे २४ घनमीटर हवा लागते, ब्युटेनला सुमारे ३१. त्यामुळे शुद्ध प्रोपेनसाठी बसवलेल्या जेटमधून ब्युटेनयुक्त गॅस जळताना हवा तोकडी पडू शकते. ज्योत पिवळी होते, काजळी धरते. परदेशी फ्रीज येथे वापरण्यापूर्वी जेट व रेग्युलेटरचा दाब जाणकाराकडून जुळवून घ्यावा. लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते. एवढ्याने चांगली ज्योत बिघडत नाही, पण आधीच हवा कमी घेणाऱ्या ज्योतीच्या दोषात भर पडते.

मावळातील परिस्थिती : महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. पवना धरणाच्या काठचे तंबू आणि कार्ल्याचे पर्यटन महामंडळाचे निवासस्थान यांमुळे मावळात मुक्कामी पर्यटन आधीपासूनच रुजलेले आहे. लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४,००० मिमी पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पावसाची झड जाळीतून आत येऊन ज्योत विझते, म्हणून जाळीवर प्लॅस्टिक बांधले जाते किंवा तिच्यात फडका कोंबला जातो. हे कधीही करू नये. खालच्या बाजूला वळलेल्या पट्ट्यांची जाळी बसवावी, ट्रेलर असा उभा करावा की जाळीची बाजू नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून आड राहील, आणि तरीही ज्योत टिकत नसेल, तर गॅस बंद करावा आणि फ्रीजला विजेची सोय असल्यास तो विजेवर चालवावा. हिवाळ्यात लोहगड-तिकोन्याच्या पायथ्याशी रात्री गारठा वाढतो व खिडक्या बंद होतात. तेव्हा पोकळीच्या फटी बंद असण्याचे महत्त्व आणखी वाढते.

बोरघाट चढण्यापूर्वी ज्योत विझवून सिलिंडरची झडप बंद करावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील कामशेतच्या बोगद्यासारख्या बंदिस्त जागी आणि पेट्रोल पंपावर ज्योत पेटती नसणे अत्यावश्यक आहे.

देखभाल : चांगली ज्योत निळी व स्थिर असते. वरच्या जाळीच्या कडेला काळा डाग दिसला, तर तो रंगाने झाकू नये. धुराडे तुंबल्याची ती खूण असते. उभ्या राहिलेल्या ट्रेलरच्या बर्नरमध्ये कोळी जाळे विणतो, आणि कुंभारमाशी धुराड्याच्या तोंडाशी चिखलाचे घर बांधते. मोसमाच्या सुरुवातीला धुराडे, त्यातील पीळदार पट्टी व बर्नर काढून साफ करावेत. जेटमध्ये तार घालू नये, कारण भोक मोठे होते. गॅसचे सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत, काडी लावून नव्हे. नळ्यांवर पिवळी पूड किंवा अमोनियाचा उग्र दर्प आढळल्यास यंत्र फुटले असे समजून फ्रीज काढून टाकावा. कार्बन मोनॉक्साइडचे इशारायंत्र झोपण्याच्या जागेजवळ आणि एलपीजीचे जमिनीलगत असावे. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

आपत्कालीन उपाय : गॅसचा वास आल्यास दिव्याचे बटण दाबू नये, सिलिंडर बंद करून, दारे उघडून सर्वांनी बाहेर पडावे व दूर जाऊन १९०६ या एलपीजी मदत क्रमांकावर कळवावे. कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्यास उघड्या हवेत आणून ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. बरे वाटू लागले तरी त्याला पुन्हा त्याच गाडीत झोपू देऊ नये.