एकभिंगी चष्म्याचे बंड

मानाच्या पोशाखाचे महत्त्व आपल्या जुन्या घराण्यांना सांगावयास नको. शिरपाव तलवारीचा वार अडवीत नाही. तरी त्यापायी रुसवेफुगवे होतच. आंतरजालावरील एका खेळात अशाच एका अलंकारावरून बंड झाले, हे नातवंडांच्या पिढीबाहेर फारसे कोणास ठाऊक नसावे.

आइसलँडमधील रेक्याविकच्या सीसीपी कंपनीने ६ मे २००३ रोजी 'ईव्ह ऑनलाइन' हा अवकाशातील व्यापार-युद्धाचा खेळ सुरू केला. जोखीम हा त्याचा कणा. येथे नष्ट झालेले जहाज गेले ते गेलेच. महिनोन्महिन्यांची कमाई क्षणात बुडते. खऱ्या पैशांनी विकत घेता येणारी, वर्गणीच्या मोलाची 'प्लेक्स' नावाची वस्तूही यातून सुटली नाही. २०१० च्या उन्हाळ्यात एका खेळाडूने ७४ प्लेक्स एका चिमुकल्या जहाजातून नेण्याचे धाडस केले. जहाज फोडले गेले आणि सुमारे तेराशे डॉलरचा ऐवज भस्मसात झाला. नियमच तसा असल्याने तो परत मिळण्याचा प्रश्न नव्हता.

२१ जून २०११ रोजी 'इन्कार्ना' ही नवी आवृत्ती आली, तिच्याबरोबर वस्त्राभूषणांचे दुकानही. त्यातील एकभिंगी चष्म्याची किंमत सुमारे साठ डॉलर! त्याने जहाजाचा वेग वाढत नव्हता की तोफांचा मारा. मग संतापण्याजोगे काय होते? माझ्या मते चष्मा निमित्तमात्र होता. त्याच सुमारास कंपनीचे अंतर्गत पत्रक बाहेर फुटले आणि त्यात दारूगोळा, जहाजे विकण्याचीही चर्चा आढळली. म्हणजे ज्या जोखमीवर सारा खेळ उभा, तीच पैसे मोजून टाळता येणार! जिटा या बाजारपेठेत जमलेल्या खेळाडूंनी तेथील अभेद्य स्मारकावर तोफा डागल्या.

खेळाडूंचे निवडून आलेले मंडळ रेक्याविकला पाचारण झाले. लढाईत वरचढ करणाऱ्या वस्तू विकणार नाही, अशी ग्वाही कंपनीने दिली. ऑक्टोबरात प्रमुख हिल्मर पेटुर्सन यांनी जाहीर माफी मागितली. त्याच महिन्यात सुमारे वीस टक्के कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. चष्म्याच्या गोष्टीत त्यांची आठवण क्वचितच निघते.

पुढे जहाजांना रंग देण्याची सोय झाली. प्रारंभी रंगविलेले जहाज रंगासकट जळे. २०१५ पासून मात्र रंग मालकाच्या नावे कायम राहू लागला. जहाज फुटले तरी पुढच्या तशाच जहाजाला तो पुन्हा चढविता येतो.